सुटका लिहिणं सोपं असतं

दिवा–रोहा मेमूत पेणला चढलं की कासू येईपर्यंत बसायला जागा मिळत नाही. त्यामुळे आमचे सगळे वाद उभ्यानेच झालेत. मी पेणचा, माझी मैत्रीण रोह्याची. कॉलेजपासून आम्ही एकाच गोष्टीवर भांडतोय: 'गेम ऑफ थ्रोन्स'मधली पकडली गेलेली मुलं वेगळं काही करू शकली असती का?

मालिका २०१९ला संपली. ज्या कादंबऱ्यांवर ती बेतली, त्यांतली पाचवी २०११ला आली आणि सहावीची वाट अजून सगळे बघतायत. लेखकाने गोष्ट अर्धी सोडली की वाचक ती पुरी करायला बसतात. आम्हीही बसलो. माझ्या फोनच्या नोट्समध्ये अशी चौदा 'नशिबं' लिहून ठेवली आहेत. सान्सा पळून जाते. थिऑन घरी परततच नाही. ब्रॅन लहानपणीच दक्षिणेला पाठवला जातो. चौदाही गोष्टींत शेवटी योग्य माणूस योग्य सिंहासनावर बसतो.

पंधरावी गोष्ट मी आपल्या इतिहासावर लिहिली आणि तिथे गाडी अडकली. या लेखात त्या अडकण्याबद्दल सांगायचं आहे. कारण माझ्या मते चूक माझ्या एकट्याची नाही. 'जर असं झालं असतं तर' या जातीचं आपण जे काही वाचतो आणि लिहितो, त्यातल्या बऱ्याच लिखाणाची ती चूक आहे.

तिकडचे ओलीस

आधी मार्टिनच्या कादंबऱ्यांबद्दल. ड्रॅगन आणि बर्फाची भिंत बाजूला ठेवली, तर 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ही मुख्यतः ओलीस ठेवलेल्या मुलांची गोष्ट आहे. थिऑनच्या बापाने बंड केलं, ते मोडलं आणि दहाएक वर्षांचा थिऑन स्टार्कांच्या वाड्यात आला. तिथे त्याला तलवार शिकवली, ताटात वाढलं, शिकारीला नेलं. पण बापाने पुन्हा डोकं वर काढलं तर याचं डोकं उडणार, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सान्सा राजधानीत अडकली. ब्रॅन आणि रिकन तर स्वतःच्याच वाड्यात कैदी झाले, तेही याच थिऑनचे.

वाचकांची आवडती पर्यायी नशिबं याच जागांवर उगवतात. थिऑनला रॉबने दूत म्हणून बापाकडे पाठवलं नसतं तर? राजधानीवर हल्ला झाला त्या रात्री क्लेगन सान्साला घेऊन जायला तयार होता. ती त्याच्याबरोबर गेली असती तर?

प्रश्न चांगले आहेत. उत्तरं मात्र ठरलेली असतात. सान्सा पळते, दोन प्रकरणांत भावाला भेटते, तलवार शिकते. राजधानीत तिने जे शिकलं, म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्यावरून धोका ओळखणं, गोड बोलून जीव वाचवणं, कुणावर किती विश्वास टाकायचा याचं माप, ते सगळं या नव्या गोष्टीतून गायब होतं. कैद पुसली की कैदेने घडवलेलं माणूसही पुसलं जातं. उरते ती नावापुरती सान्सा.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. ब्रॅन आणि रिकन निसटतात तेव्हा थिऑनला आपली नामुष्की झाकायला दोन मृतदेह हवे असतात. तो दोन गरीब पोरांना मारून, त्यांचे चेहरे ओळखू येणार नाहीत असे करून, राजपुत्र म्हणून टांगतो. कादंबरीत ती पाणचक्कीवाल्याची मुलं आहेत. ब्रॅनच्या पर्यायी नशिबावर मी शेकडो पानं वाचली असतील. त्या दोन पोरांच्या पर्यायी नशिबावर एकही वाचलेलं आठवत नाही. माझ्या चौदा गोष्टींतही ती नाहीत.

माझी पंधरावी गोष्ट

आता आपल्याकडे येऊ. रायगड जिल्ह्यात राहून ही गोष्ट शोधायला लांब जावं लागत नाही.

१ फेब्रुवारी १६८९ला संगमेश्वरी संभाजीराजे पकडले गेले. ११ मार्चला त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात मोगलांचा वेढा रायगडाला पडला. एप्रिलच्या सुरुवातीला राजाराम महाराज गडावरून निसटले आणि प्रतापगड, पन्हाळा करत पुढे जिंजीला पोचले. येसूबाई आणि त्यांचे चिरंजीव शाहू मागे राहिले. नोव्हेंबरमध्ये गड पडला आणि दोघं बादशहाच्या छावणीत कैदी म्हणून गेले. शाहूंचा जन्म मे १६८२मधला, माणगावजवळच्या गांगवलीचा. म्हणजे वय साडेसात.

आपली लोकप्रिय गोष्ट बहुधा याच्या आधी थांबते. शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी घ्या किंवा २०२५चा त्याच नावाचा सिनेमा, शेवट संभाजीराजांच्या बलिदानाचा. ते रास्तच आहे, शोकांतिका तिथे पुरी होते. पण मुलाचं पुढे काय झालं, या प्रश्नावर थिएटरमधून बाहेर पडलेली माझ्या वयाची पोरं गप्प होतात. अठरा वर्षं! १६८९ ते १७०७. शाळेच्या पुस्तकात ती एका वाक्यात संपतात.

म्हणून मी लिहायला घेतलं. माझ्या गोष्टीत एप्रिलच्या त्या रात्री राजारामांबरोबर शाहूही गडावरून उतरतात. जिंजीला वाढतात, घोड्यावर बसायला शिकतात. १७००मध्ये सिंहगडावर राजाराम जातात तेव्हा शाहू जवळजवळ अठरा वर्षांचे असतात आणि सरळ गादीवर बसतात. ताराबाईंशी झगडा नाही, खेडची लढाई नाही, सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या नाहीत. मी अगदी खूष होतो. मेमूत उभ्या उभ्या मैत्रिणीला वाचून दाखवली.

नागोठणं येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, पण गडावर कोण राहिलं?"

मी म्हटलं, येसूबाई.

"आणि गड पडल्यावर त्यांनी बोलणी कशाच्या जोरावर केली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या गोष्टीत वारस निसटला होता, म्हणजे गडावरच्या सगळ्या माणसांकडचा सौदा करण्याजोगा एकमेव ऐवज निसटला होता. आणि येसूबाईंनी मागे राहायचं ठरवलं असं परंपरा सांगते, त्यात हाच विचार दिसतो: राजघराण्यातले सगळे एका जागी सापडू नयेत. एकाने बाहेर पडून लढायचं, एकाने गड झुंजवत वेळ काढून द्यायचा. माझी 'सुटका' लिहिताना मी त्या बाईचा निर्णयच खोडून टाकला होता. तो निर्णय अपघात नव्हता, राजकारण होतं.

"आणि खंडेराव?" तिने विचारलं.

"कोण खंडेराव?"

रोहा आलं. ती उतरली.

गुजरांची मुलं

खंडेराव म्हणजे प्रतापराव गुजरांचे चिरंजीव. नेसरीला १६७४मध्ये पडलेले सरसेनापती प्रतापराव आपल्याला पाठ आहेत. सात वीरांची ती दौड आपण शाळेत ऐकतो. त्यांच्या मुलांचं काय झालं ते मला पंचविशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

शाहू छावणीत वाढत होते. त्यांना सात हजारी मनसब होती, राजा हा किताब होता. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा त्यांची आणि येसूबाईंची काळजी घेत असे. थिऑनसारखंच सगळं: मान होता, खाणंपिणं होतं, फक्त दार उघडं नव्हतं. मग धर्म बदलण्याची गोष्ट निघाली. आपल्याकडची हकिकत अशी की शाहूंऐवजी खंडेराव आणि त्यांचे भाऊ जगजीवन यांनी धर्मांतर पत्करलं. साल १७००.

हे वाचलं त्या दिवशी माझ्या पंधराव्या गोष्टीचा कणाच मोडला. मी शाहूंना पर्यायी नशीब द्यायला निघालो होतो. पण शाहूंचं जे नशीब आपण इतिहास म्हणून वाचतो, तेच मुळात दोघांनी बदलून दिलेलं आहे. शाहूंच्या वाट्याचा जो दुसरा रस्ता होता त्यावर गुजरांची मुलं चालली. पुढे छत्रपती शाहू झाले, त्यांच्या काळात मराठ्यांचे घोडे नर्मदेपार गेले. तिकडे खंडेराव रोज सकाळी उठून कोणत्या नावाला ओ देत होते, घरच्या देवघरासमोर उभं राहताना त्यांना काय वाटत असेल, याची गोष्ट मी कुठे वाचलेली नाही.

पाणचक्कीवाल्याची ती दोन पोरं मला तेव्हा आठवली. फरक आहे, आणि तो मोठा आहे: त्या पोरांना कुणी विचारलं नव्हतं. गुजर बंधूंनी स्वतः पाऊल उचललं. पण वाचक म्हणून आपण दोघांशी सारखंच वागलो. वारस वाचला ना, मग पान उलटा.

वारसाच्या जागी दुसरं कुणी उभं करण्याची ही रीत आपल्या इतिहासात त्याआधीही दिसते. १६६५च्या पुरंदरच्या तहात आठ वर्षांचे संभाजीराजे मिर्झा राजे जयसिंगांच्या छावणीत हमी म्हणून राहिले. पुढच्याच वर्षी आग्र्याहून निसटताना शिवाजी महाराजांनी त्यांना मथुरेत ठेवलं आणि, असं सांगितलं जातं की, मुलगा वाटेत वारल्याची बातमी पसरवली. म्हणजे कैदेतल्या राजपुत्राचं पहिलं पर्यायी नशीब खुद्द त्याच्या बापाने रचलं. त्या रचलेल्या गोष्टीचा भार कुणी उचलला? मथुरेतल्या काशीपंतांनी. हा आमचा भाचा, असं म्हणून पहारेकऱ्यांच्या शंकेवर मुलाबरोबर एका ताटात जेवून दाखवल्याची कथा आहे. गोष्ट फसली असती तर मान त्यांची गेली असती. महाराजांनी रचलेल्या 'जर-तर'मध्ये किंमत कोण देणार याचा हिशोब आधी होता. माझ्यात तो नव्हता.

पालीचा पाहुणा

यावर कुणी म्हणेल, हे सगळं आपल्या बाजूचं झालं. समोरच्या बाजूलाही मुलं होतीच की.

होती. आणि त्यातलं एक प्रकरण आमच्या उंबऱ्यावरचं आहे. वाकण फाट्यावरून पालीला वळलं की पुढे सुधागड. औरंगजेबाचा मुलगा अकबर १६८१मध्ये बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत पळून आला आणि सुधागडाच्या पायथ्याशी धोंडशाजवळ राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संभाजीराजे त्याला पातशाहपूरला भेटले. अष्टविनायकाच्या गर्दीत बल्लाळेश्वराला जाताना कुणाच्या मनातही येत नाही की दिल्लीच्या तख्ताचा एक दावेदार इथल्या पावसात कुडत बसला होता. तो पुढे इराणला गेला आणि बापाच्या आधीच तिकडे वारला.

त्याची दोन मुलं, बुलंद अख्तर आणि सफियतुन्निसा, मारवाडात दुर्गादास राठोडांच्या ताब्यात राहिली. म्हणजे शाहू औरंगजेबाच्या छावणीत वाढत होते, त्याच वर्षांत औरंगजेबाची नातवंडं राजपुतांकडे वाढत होती. नात परत आली तेव्हा आजोबाने तिच्या धार्मिक शिक्षणाची चौकशी केली. दुर्गादासांनी त्यासाठी शिक्षिका ठेवली होती आणि मुलीला कुराण पाठ होतं, असं त्या काळचा ईश्वरदास नागर लिहून गेला आहे.

हे दोन तंबू शेजारी ठेवून पाहिले की जर-तरचा खेळ वेगळाच दिसायला लागतो. कुणाचं मूल कुणाकडे आणि त्याला तिथे काय शिकवलं, हा त्या काळच्या राजकारणाचा रोजचा व्यवहार होता. मार्टिनने तो युरोपच्या इतिहासातून उचलला म्हणतात, पण त्याला सुधागडावर आणलं असतं तरी साहित्य कमी पडलं नसतं.

परत आलेल्याला तोतया म्हणणं

मार्च १७०७मध्ये औरंगजेब वारला. त्याचा मुलगा आझमशहा तख्तासाठी उत्तरेकडे निघाला आणि मे महिन्यात भोपाळकडच्या दोराह्याजवळून शाहू दक्षिणेला परतले. पंचवीस वर्षांचे. इथे सिनेमा असता तर ढोल वाजले असते.

प्रत्यक्षात घरून प्रश्न आला: हा खरा शाहू कशावरून? ताराबाईंच्या बाजूने तोतया असल्याचं बोललं गेलं. परसोजी भोसल्यांनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून शंका मिटवल्याचं सांगतात. मथुरेच्या ताटाची आठवण येते ना? तिथे राजपुत्र नाही हे पटवायला एका ताटात जेवले, इथे राजपुत्र आहे हे पटवायला. ऑक्टोबरमध्ये खेडला लढाई झाली आणि जानेवारी १७०८मध्ये साताऱ्यात शाहूंना राज्याभिषेक झाला.

ताराबाईंचं म्हणणंही नुसतं सत्तालोभ म्हणून उडवण्यासारखं नाही. सात वर्षं त्यांनी बादशहाला झुंजवलं होतं. ज्याने ही लढाई पाहिलीच नाही, जो शत्रूच्या तंबूत मोठा झाला, त्याला राज्य का द्यायचं? हा प्रश्न आजही वेगवेगळ्या रूपात फिरतो. शाहू महाराज मवाळ होते, मोगलांच्या तालमीत वाढलेले, असं आपल्या फॉरवर्ड मेसेजमधून आणि वादांमधून ऐकू येतं. तिकडे सान्साला 'कमकुवत' आणि थिऑनला 'धड इकडचा ना तिकडचा' म्हणणारे वाचक हेच करतात. कैदेतून परतलेल्या मुलाने कैद अंगाला न लावता परत यावं, अशी आपली अपेक्षा असते. सात वर्षांचा गेला, पंचवीसचा आला, पण मधली अठरा वर्षं त्याने कुठे तरी ठेवून यावं.

ती ठेवून येता येत नाहीत. शाहूंनी औरंगजेबाच्या खुलदाबादच्या कबरीला भेट दिल्याचं सांगतात. काहींना ते टोचतं. मला त्यात एक माणूस दिसतो, ज्याला बापाचा मारेकरी आणि लहानपणचा आश्रयदाता एकाच कबरीत दिसत होता. या एका प्रसंगावर कादंबरी उभी राहील. आपण मात्र तो प्रसंग कसा टाळता आला असता, याच्या गोष्टी लिहितो.

आणि सगळ्यात शेवटी ती, जिच्यावर माझी गोष्ट पहिल्यांदा अडखळली होती. शाहू सुटले तेव्हा येसूबाई सुटल्या नाहीत. मुलाच्या वागणुकीची हमी म्हणून त्या मोगलांकडेच राहिल्या, संभाजीराजांचे दुसरे पुत्र मदनसिंगही राहिले. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा आणि कैदी घेऊन आले ते १७१९मध्ये. म्हणजे येसूबाईंची कैद जवळजवळ तीस वर्षांची. मुलाच्या अठरा वर्षांपेक्षा बारा जास्त. वारसाच्या सुटकेची किंमत पुन्हा कुणी दुसऱ्याने भरली होती.

मग जर-तर लिहायचंच नाही का?

लिहायचं. मला हा खेळ आवडतो आणि तो सोडायचा माझा विचार नाही. इतिहासाचे अभ्यासक नाक मुरडतात, पण जर-तर विचारल्याशिवाय एखादा निर्णय किती अवघड होता हे कळतच नाही. एप्रिल १६८९ची ती रात्र मला माझी चुकीची गोष्ट लिहिल्यामुळेच कळली.

पण आता मी दुसऱ्याची अशी गोष्ट वाचताना दोन गोष्टी तपासतो. वारस सुटला तर त्याच्या जागी कोण अडकलं? आणि कैदेने त्याला जे शिकवलं ते नव्या गोष्टीत शिल्लक आहे का? या दोन प्रश्नांत जी गोष्ट टिकते ती मूळ गोष्टीला काहीतरी परत देते. जी टिकत नाही ती फक्त आपली हौस भागवते. मार्टिन मोठा ठरतो तो इथे. त्याने आपल्या मुलांना सोडवायची घाई केली नाही. खोट्या आर्याच्या जागी उभी केलेली जेन पूल त्याने विसरू दिली नाही. राजकन्येचं नाव दिलेल्या त्या नोकराच्या मुलीला सोडवायला शेवटी मोडलेला थिऑनच पुढे होतो, कारण नाव काढून घेतलं की काय होतं हे फक्त त्याला माहीत असतं. कैद तिथे वाया गेलेली नाही.

आमच्या गावात आता गणपतीच्या कारखान्यांत रात्री बारापर्यंत दिवे असतात. मी सुट्टीत तिथे रंगकामाला जातो. परवा काम चालू असताना मैत्रिणीचा मेसेज आला, "पंधरावी गोष्ट पुरी केलीस का?"

नाही केली. जुनी पुसून टाकली. नवी मे १७०७मध्ये सुरू होते, दोराह्याच्या वाटेवर. पंचवीस वर्षांचा मुलगा दक्षिणेला निघालाय आणि आई तंबूच्या दाराशी उभी आहे. ती त्याला काय म्हणाली असेल, ते वाक्य मला अजून सुचलेलं नाही. ते सुचेपर्यंत त्याला पुढे जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलंय.